जॅझचे मास्तर आणि शिकवणीचे ऋण

वसंतातील या ज्ञानसत्रात जॅझ हा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील, हे आम्ही जाणून आहोत. नगरसारख्या गावात निजामशाहीवर बोलावे, ज्ञानेश्वरीवर बोलावे, सहकारावर बोलावे; मुंबईच्या हॉटेलांतून वाजणाऱ्या परक्या संगीताशी आपला काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. म्हणून आरंभ तेथूनच करू.

पुणतांबे हे गाव आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे ते चांगदेवांच्या समाधीमुळे. परंपरा अशी सांगते की चौदाशे वर्षे योगसाधना केलेला हा सिद्धपुरुष वाघावर बसून ज्ञानदेवांच्या भेटीस निघाला. त्याने धाडलेल्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या गेल्या, आणि अखेरीस त्याला गुरू लाभला तो मुक्ताबाईच्या रूपाने. शिष्य शतकानुशतके जगलेला, गुरू कोवळी पोर! या कथेतील इतिहास किती आणि आख्यायिका किती, याचा खल विद्वानांनी करावा. आम्हांला तिच्यातले मर्म महत्त्वाचे वाटते. गुरुपण वयावरून, कुळावरून किंवा समाजातील स्थानावरून ठरत नाही. ज्याच्यापाशी आपल्याला हवे ते ज्ञान असते, तो गुरू.

याच पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या हिंदुस्थानाने त्यांना सी. रामचंद्र या नावाने ओळखले आणि चित्रपटसृष्टीतील माणसांनी 'अण्णा' म्हटले. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी रागदारीचे शिक्षण घेतले. म्हणजे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या शिस्तीचा वारसा त्यांना मिळाला होता. असे असता १९४७ च्या 'शहनाई'त आणि १९५१ च्या 'अलबेला'त ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि जॅझचा उसळता ठेका कोठून आला? पुणतांब्याच्या घाटावर तो नव्हता. पुण्याच्या विद्यालयातही नव्हता. तो कोणीतरी शिकवला, कोणीतरी लिहून दिला, कोणीतरी कानाशी वाजवून दाखवला. त्या 'कोणीतरी'चा शोध घेणे हाच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जॅझ शिकवावा कसा?

प्रथम जॅझ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत हे संगीत आकाराला आले. आफ्रिकेतील लयीची जाण, चर्चमधील प्रार्थनागीते, शेतावरील श्रमगीते आणि लष्करी बॅण्डची वाद्ये यांचा त्यात संगम झाला.

त्याचा एक पायाभूत साचा 'ब्लूज' या नावाने ओळखला जातो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर चार-चार मात्रांचे बारा खंड, एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. पहिले चार खंड षड्जावर उभारलेल्या स्वरसंघावर, पुढचे दोन मध्यमाच्या स्वरसंघावर, मग दोन पुन्हा षड्जाच्या, त्यानंतर एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटचे दोन परत षड्जाचे. स्वरसंघ म्हणजे सा-ग-प यांसारखे तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजवणे. पियानोवर बसलेला वादक डाव्या हाताने हे आवर्तन फिरवतो आणि उजव्या हाताने त्यावर दर फेऱ्याला नवी बढत करतो. एकतालाच्या आवर्तनात ख्यालगायक जे करतो त्याच्याशी याचे साम्य उघड आहे. समेवर यावयाचेच आहे. पण येण्याची वाट दर वेळी नवी.

इथवर सारे कागदावर लिहिता येते. जे लिहिता येत नाही ते लयीचे अंग. जॅझमध्ये आघात पहिल्या व तिसऱ्या मात्रेऐवजी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतो, आणि मात्रेचे दोन समान तुकडे न करता पहिला किंचित लांबवून दुसरा आखडला जातो. किती लांबवायचा, याला मोजमाप नाही. ढोलकीवाल्याला लावणीतला झोल विचारा. तो सांगणार नाही, वाजवून दाखवील. तसेच हे आहे. म्हणूनच जॅझ हे पुस्तकापेक्षा सहवासाने आणि शिकवणीने पसरलेले संगीत आहे. युरोपीय संगीत छापील कागदावरून समुद्र ओलांडू शकले. जॅझला माणूसच ओलांडावा लागला.

अमेरिकेतही हे असेच घडले. न्यू ऑर्लिन्सच्या बदनाम वस्तीतील पियानोवादकांना लोक 'प्रोफेसर' म्हणत. त्यात थट्टा होती, तसा आदरही होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जेम्स पी. जॉन्सन या पियानोवादकाने फॅट्स वॉलरला घडवले आणि वॉलरने पुढे काउंट बेसीला ऑर्गनचे धडे दिले. तिघेही पुढे जगद्विख्यात झाले. लेनी ट्रिस्टानो हा अंध पियानोवादक तर शिकवणीसाठीच विशेष प्रसिद्ध होता. १९५१ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये शिक्षणाची स्वतंत्र जागा उघडली. ती १९५६ मध्ये बंद झाल्यावर तो घरी शिकवू लागला. त्याच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की शिष्याने थोर वादकांची ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांचे वादन आधी गळ्याने जसेच्या तसे म्हणावयाचे आणि मग वाद्याला हात लावावयाचा. गळ्यात नाही ते बोटांत येणार नाही, हा त्याचा सिद्धान्त. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणवून घेणारे गुरुजी हेच करत आले. दोन खंडांतील दोन परंपरा एकमेकींना न विचारता एकाच निष्कर्षाला पोचल्या, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते.

मुंबईत आलेली माणसे

आता हे संगीत न्यूयॉर्कहून आपल्या किनाऱ्यावर कसे आले, ते पाहू. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक तेथे वाजवू लागला. वेदरफर्ड १९०३ मध्ये अमेरिकेत जन्मला. शिकागोत त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वादन केले होते आणि १९२६ साली तो आशियाकडे निघाला. शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता अशी त्याची भ्रमंती होती, आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीच्या आजाराने त्याचा अंत झाला. त्याच्या बोटांतली ठेव मात्र या देशात राहिली.

ती घ्यायला येथे कोण तयार होते? गोमंतकीय वादक. याचे कारण चार शतके मागे जाते. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चला जोडून पाठशाळा असत आणि तेथे मुलांना प्रार्थनेबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणाऱ्याला 'मेस्त्रे' म्हणत. हा मेस्त्रे म्हणजे गावचा संगीताचा मास्तर. चर्चमधील गायनवृंद तोच बसवी, लग्नात वाजवी, मरणातही वाजवी. पोटासाठी गोवेकर मुंबईस आले तेव्हा धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांच्या गावोगावचे 'कूड' उभे राहिले, आणि पेटीत व्हायोलिन घेऊन आलेल्या मुलाला सिनेमागृहात, बॅण्डमध्ये, हॉटेलात काम मिळू लागले. १८६५ पासून चालत आलेले फुर्तादो यांचे वाद्यांचे व छापील स्वरलिपीचे दुकान धोबीतलावालाच, या वस्तीच्या शेजारी होते, यातही संगती आहे.

गोवेकर वादकाला लिहिलेले वाचता येत होते. लयीचा तो न लिहिता येणारा भाग वेदरफर्डसारख्यांच्या शेजारी बसून त्याने मिळवला. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड वेदरफर्डच्या ताफ्यात ट्रंपेट वाजवत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक् चॉकलेट' या नावाने गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. मिकी कोरिया यांचा ताफा १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये वाजत होता. कावसजी खटाव हे पारशी गृहस्थ 'रुडी कॉटन' नावाने सॅक्सोफोन वाजवत. अशा रीतीने बंदरावर उतरलेली विद्या दहा-पंधरा वर्षांत येथली झाली.

या मंडळींचा दिवस कसा जाई? रात्री हॉटेलात वादन, दिवसा चित्रपटाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण, आणि उरल्या वेळात शिकवणी. पियानो, व्हायोलिन, गायन यांपैकी ज्याला जे येई ते तो शिकवी. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतील नृत्यगृहांचा धंदा बसत गेला, तेव्हा स्टुडिओ आणि शिकवणी हेच दोन आधार अनेकांना उरले. शिकवणी हा शब्द आपण जरा कमीपणानेच उच्चारतो. शाळेतला तो शिक्षक आणि घरी येणारा तो शिकवणीवाला! परंतु संगीताच्या इतिहासात पाहिले तर असे दिसते की मोठी देवघेव बहुधा विद्यालयाच्या दालनात झालेली नाही. ती एका खोलीत, एका वाद्यापुढे, दोन माणसांत झालेली आहे.

पुणतांब्याचे अण्णा आणि हळदोण्याचे चिक्

आता सी. रामचंद्रांकडे वळू. चित्रपटात संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती चाल तीस-चाळीस वादकांनी एकत्र वाजवायची तर प्रत्येकासाठी निराळा कागद लिहावा लागतो. व्हायोलिनांनी कोणते स्वर धरायचे, ट्रंपेटने कोठे हाक द्यायची, कोठे थांबायचे, पियानोने कोणते स्वरसंघ भरायचे, हे सारे पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवणारा जो असतो त्याला वाद्यवृंद-संयोजक म्हणतात. त्या काळी पडद्यावर त्याचे नाव आले तर 'साहाय्यक' म्हणून येई. पुष्कळदा येतच नसे. हे काम प्रामुख्याने गोवेकरांच्या हाती होते. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी ते केले. सी. रामचंद्र यांच्या पाठीशी चिक् चॉकलेट होते.

'अलबेला' हा भगवान यांचा चित्रपट. त्यातील गाण्यांत चिक् चॉकलेट आणि त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून, हसत, डोलत ते वाजवत आहेत. आमच्या पिढ्यांनी तो चित्रपट पाहिला, त्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत पावले टाकली. नगरच्या, कोपरगावच्या, श्रीरामपूरच्या बॅण्डवाल्यांनी ती वाजवली. पण ते मागे ट्रंपेट धरून उभे असलेले गृहस्थ कोण, हे विचारणारा विरळा.

रामचंद्रांनी चिक् चॉकलेट यांच्याकडे वही घेऊन शिकवणी लावली होती, असे आम्हांला सुचवायचे नाही. शिकवणी दोन्ही बाजूंनी चालली होती. एकाकडे राग, गळा आणि मराठी मुलुखातील लोकगीतांचा कान. दुसऱ्याकडे स्वरलिपी आणि न लिहिता येणारा तो झोल. पेटीवर बांधलेली चाल ट्रंपेटवर गेली म्हणजे ती थोडी बदलते. बदललेली चाल ऐकून पुढची चाल निराळी सुचते. रोज असे घडत गेले म्हणजे त्यालाच शिक्षण म्हणावे लागते. त्याच रामचंद्रांनी १९५३ च्या 'अनारकली'त रागांवर आधारलेल्या अवीट चाली दिल्या आणि १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत, चीनच्या युद्धातील हुतात्म्यांना वाहिलेले गीत स्वरबद्ध करून पंतप्रधानांसह सारा समुदाय गहिवरून टाकला. परके संगीत शिकल्याने आपले विसरते, असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर पुरे आहे. चिक् चॉकलेट १९६७ मध्ये वारले; अण्णा ५ जानेवारी १९८२ रोजी गेले.

माजोर्ड्याचा मास्तर

शिकवणीचे खरेखुरे उदाहरण पाहावयाचे तर ते अँथनी गोन्साल्विस यांचे. जन्म १९२७, गाव गोव्यातील माजोर्डे, वडील चर्चमधील मेस्त्रे. १९४३ च्या सुमारास ते मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. हे गृहस्थ हॉटेलच्या ताफ्यातले जॅझवादक नव्हेत, स्टुडिओतले व्हायोलिनवादक होत; परंतु ज्या वर्गाविषयी आम्ही बोलत आहोत त्याच वर्गातले, त्याच पाठशाळेतून आलेले. बांद्र्याच्या आपल्या घरी ते शिकवीत. त्यांच्या हाताखाली प्यारेलाल शर्मा हा मुलगा व्हायोलिन शिकला. राहुलदेव बर्मन यांचेही नाव त्यांच्या शिष्यांत घेतले जाते. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रंपेटवादक आणि अनेक वादकांना स्वरलिपी शिकवणारे नामांकित मास्तर होते. अशा बापाने मुलाला दुसऱ्या मास्तराकडे पाठवावे, यातच त्या दुसऱ्या मास्तराची योग्यता दिसते.

गोन्साल्विस यांना एक ध्यास होता. आपल्या रागाला पाश्चात्त्य वाद्यवृंदाची भव्यता देता येईल का? सारंग रागावर त्यांनी वाद्यवृंदासाठी रचना केली. १९५८ साली शंभरावर वादक जमवून, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायक म्हणून घेऊन त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम केला. तो यशस्वी झाला. परंतु अशा वाद्यवृंदाला पोसणारा आश्रयदाता मिळाला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर मुंबईच्या गजबजाटात न शिरता माजोर्ड्याला जाऊन राहिले. चित्रपटसृष्टी त्यांना विसरली.

एक शिष्य मात्र विसरला नव्हता. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला. त्याचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. त्यातील नायक अंड्यातून बाहेर पडतो आणि गाण्यात आपले नाव सांगतो, ते नाव अँथनी गोन्साल्विस! शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. कोट्यवधी लोकांच्या तोंडी ते नाव गेले. मौजेचा, पण मनाला लागणारा भाग असा की ज्यांच्या तोंडी ते गेले त्यांना ते एका काल्पनिक पात्राचेच नाव वाटले. खरा अँथनी गोन्साल्विस गोव्यात शांतपणे राहत होता. १८ जानेवारी २०१२ रोजी तो निवर्तला. नाव अमर झाले आणि माणूस अज्ञात राहिला, असा चमत्कार इतिहासात क्वचितच आढळेल.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. पियानोचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. त्याचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. आपल्या संगीताचा प्राण श्रुतींत आहे. पियानोच्या शिकवणीने आणि जॅझच्या नादाने तो कान बिघडणार नाही काय? याच भूमिकेतून १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर ठेवले. आपल्याच पुण्याचे बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना, १९५२ मध्ये, चित्रपटगीतेही तेथून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मग सिलोन केंद्राकडे कान वळवले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांचा हेतू अभिजात संगीताला आधार देण्याचा होता आणि त्या काळात अनेक गवई-वादकांना आकाशवाणीचा आश्रय मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. श्रुतींचा मुद्दाही खोटा नाही. परंतु दोन संगीते भेटली की एक मरते, हा समज आमच्या नगरनेच खोटा ठरवला आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक येथे आले. त्यांनी आणलेल्या परकीय चालींवर मराठी शब्द बसवून प्रार्थना होऊ लागली. ती काही अंशी अवघडलेली वाटे. मग येथल्याच ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा बाज उचलला, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाने भजने लिहिली. एकाच मंदिरात विलायती चाल आणि टाळ-मृदंगाची चाल नांदू लागली. ज्याला दोन्ही येत होते त्याचे एकही बिघडले नाही. बिघडते ते अर्धवट शिकणाऱ्याचे; आणि अर्धवट शिकणे टाळण्याचा उपाय शिक्षणावर बंदी हा नसून चांगला शिक्षक हाच आहे.

नाव घेणे

याच नगरचे आणखी एक उदाहरण आम्ही मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवले आहे. १९४२ साली भुईकोट किल्ल्यात नेत्यांना स्थानबद्ध करण्यात आले. पंडित नेहरूंनी तेथे भारताचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, हे नगरचे शाळकरी पोरही सांगते. त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद आपल्या एका स्नेह्याला उद्देशून पत्रे लिहीत होते. ती टपालात पडणार नव्हती. पुढे १९४६ मध्ये 'गुबारे खातिर' या नावाने उर्दूत प्रसिद्ध झाली. त्यांतील १९४३ च्या एका पत्रात या धर्मपंडिताने आपल्या तरुणपणीची संगीताची शिकवणी आठवली आहे. धार्मिक घराण्यातील या मुलाला सतार शिकवली ती मसीता खाँ या गवयाने. आग्र्याच्या ताजमहालाच्या सान्निध्यात, चांदण्या रात्री आपण सतार वाजवत बसत असू, असे मौलानांनी तेथे लिहिले आहे.

श्रोतेहो, मसीता खाँ हे नाव आज आम्हांला माहीत आहे ते एवढ्याचसाठी की एका शिष्याने कारागृहात बसून ते लिहून ठेवले. अँथनी गोन्साल्विस हे नाव उरले, कारण एका शिष्याने ते गाण्यात गुंफले. शिकवणीच्या खोलीला दप्तर नसते. हजेरीपट नसतो, पटावर गुरूचे नाव नसते. विद्यालयाची कोनशिला राहते, अध्यक्षांचे तैलचित्र राहते. मास्तर मात्र शिष्याच्या जिभेवरच राहतो. शिष्याने नाव घेतले नाही की तो इतिहासातून पुसला जातो. लुई आर्मस्ट्राँगचे चरित्र जग वाचते, पण मुंबईत जॅझ आणि मराठी चाल यांची गाठ घालून देणाऱ्या कितीतरी वादकांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत नाहीत, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर नाहीत. नुकसान त्यांचे झाले तेवढेच आपले झाले. कारण जे संगीत आपण आपले म्हणतो ते कसे झाले, याची कथाच आपल्याला ठाऊक नाही.

ही परंपरा संपलेली नाही, हे सांगितले पाहिजे. ताजमधील त्या मिकी कोरियांची कन्या क्रिस्टीन कोरिया न्यूयॉर्कमध्ये जॅझगायिका झाली. रॅन ब्लेक या पियानोवादकाबरोबर तिने ध्वनिमुद्रिका केल्या आणि गायनाचे शिक्षणही दिले. वेदरफर्ड अमेरिकेतून मुंबईस जे घेऊन आला त्यातले काही दोन पिढ्यांनी पुन्हा अमेरिकेतील शिष्यांच्या गळ्यांत पोचले. ऋण असे फिरत राहते, व फिरत राहिले तरच फिटते.

आपल्या नगरात, आता अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात, आजही सायंकाळी कोठेतरी पेटी, कीबोर्ड किंवा गिटार यांची शिकवणी चालू असते. एक मूल अडखळत सा-ग-प दाबत असते आणि शेजारी बसलेला मास्तर बोटाने ठेका धरून त्याला पुढे नेत असतो. त्या मास्तराला आपण महिन्याच्या महिन्याला पैसे देतो आणि हिशेब मिटला असे समजतो. हिशेब पैशाने मिटत नाही. आमची विनंती एवढीच की मुलाच्या पहिल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर, आयोजकांच्या नावांच्या रांगेत, त्या मास्तराचेही नाव छापावे. आणि पुढे ते मूल मोठे होऊन व्यासपीठावर बसले तर त्याने बोलण्याच्या आरंभी ते नाव घ्यावे.

वाघावर बसून आलेल्या चांगदेवाला लोकांनी सिद्ध म्हटले, त्याचे चमत्कार वर्णिले. पण त्याची थोरवी वाघात नव्हती. एका लहान मुलीकडून आपण शिकलो, हे त्याने लपवले नाही, यात ती होती. पुणतांब्याच्या मातीने ही शिकवण जुन्या काळापासून जपलेली आहे. त्याच मातीतील एका संगीतकाराची गाणी पुन्हा ऐकाल, तेव्हा मागे ट्रंपेट वाजवणाऱ्या त्या हसऱ्या माणसाकडे एकदा अवश्य पाहा, आणि त्याचे नाव घ्या.